थिअरीचे टॉक कसे ऐकायचे? (आणि मशीन लर्निंगवाल्यांनी ते ऐकावेत का?)

दुपारचा_चहा

राम राम मंडळी,

सध्या रात्री जेवणं आटोपली की सायमन्स इन्स्टिट्यूटचे टॉक लावून बसायची खोड लागली आहे. (बर्कलीची संस्था, २०१२ साली सुरू झालेली. थिअरेटिकल कंप्युटर सायन्स, म्हणजे संगणकाच्या गणनेमागचं गणित, हा तिचा एककलमी कार्यक्रम. टॉक यूट्यूबवर फुकट.) नोकरी मशीन लर्निंगची, हिंजवडीत. गणित इंजिनिअरिंगपुरतं, तेही गंजलेलं.

होतं असं की पहिली दहा मिनिटं मजेत जातात. प्रश्न काय, पहिल्यांदा कोणी विचारला, आजवर काय माहीत होतं, सगळं कळतं. मग 'मुख्य प्रमेय' असं लिहिलेली स्लाइड येते. तिच्यात एप्सिलॉन, डेल्टा आणि कुठूनसा टपकलेला पॉलिलॉग (लॉगचा कुठलासा घात). तिथून पुढे मी वक्त्याच्या तोंडाकडे नुसता बघत बसतो.

तर दोन शंका आहेत. एक, हे टॉक माझ्यासारख्याने ऐकायचे तरी कसे? दोन, ऑफिसातली मंडळी म्हणतात की डीप लर्निंगमध्ये थिअरी म्हणजे वरातीमागून घोडं, वेळ घालवू नकोस. खरं आहे का ते?

खडूवाला

प्रतिसाद लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

हरवणं हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. पुढच्या रांगेतले प्राध्यापकही मधेच लॅपटॉप उघडून ईमेल बघायला लागतात. फरक इतकाच की परत आत कुठून शिरायचं हे त्यांना ठाऊक असतं.

प्रमेयाची स्लाइड आली की आपण तिच्यातलं चिन्ह न चिन्ह वाचायच्या मागे लागतो. ती खुशाल सोडा. तिच्या आसपास अशी एक जागा येते जिथे वक्ता म्हणतो, 'सरळ मार्गाने जाऊन बघू', आणि तो मार्ग कुठेतरी अडतो. ती अडचण नेमकी काय हे कळलं की टॉक वसूल. पुढची चाळीस मिनिटं त्या एका अडचणीला वळसा घालण्यात जातात आणि तो वळसा पेपरात सावकाश वाचता येतो.

ताजं उदाहरण घ्या. रायन विल्यम्स यांचा २०२५ चा निकाल. जी गणना टी पावलांत संपते ती सुमारे √(टी × लॉग टी) एवढ्याच मेमरीत करता येते (मशीन मल्टिटेप ट्युरिंग, म्हणजे अनेक फिती असलेलं कागदावरचं आदर्श यंत्र, बारकावे सोडून देतो). याआधी आपण होतो 'टी भागिले लॉग टी' वर. तो हॉपक्रॉफ्ट, पॉल आणि व्हॅलियंट यांचा १९७५ चा निकाल. म्हणजे पन्नास वर्षं गाडी त्याच स्टेशनात उभी.

आता सरळ मार्ग. गणनेचे बी-बी पावलांचे तुकडे करा. तुकडे झाले टी/बी. प्रत्येक तुकड्याचा निकाल साधारण बी बिटांत मावतो. शेवटच्या तुकड्याचं उत्तर हवं तर त्याच्या आधीचे मोजकेच तुकडे लागतात, त्यांना त्यांच्या आधीचे. असं झाड तयार होतं, उंची टी/बी. ते खालून वर सोडवत आलं की प्रत्येक पातळीवर बी बिटं धरून ठेवावी लागतात. किती मेमरी? बी गुणिले टी/बी, म्हणजे टी. एवढा खटाटोप करून निघालो तिथेच परत!

इथे व्हिडिओ थांबवायचा आणि हा गुणाकार स्वतः कागदावर करायचा. कारण आता कळतं की नक्की काय हवंय: पातळ्यांची संख्या आणि बी यांचा गुणाकार मोडून त्याची बेरीज करता आली पाहिजे. जेम्स कुक आणि इअन मर्ट्झ यांनी २०२४ मध्ये नेमकं ते केलं. बी बिटं एकदाच ठेवायची, आणि दर पातळीमागे फक्त लॉग बी. एकूण बी + (टी/बी) × लॉग बी. दोन्ही पदं सारखी होतील असा बी निवडा, √(टी लॉग टी) आपोआप बाहेर पडतं.

हे शक्य कसं होतं? आधीच भरलेली मेमरी पुन्हा वापरून. एखाद्या रजिस्टरमध्ये वरच्या पातळीचा कुठलासा आकडा पडलाय, काय आहे माहीत नाही. त्यात आपला आकडा मिळवायचा, काम उरकायचं, आपला आकडा पुन्हा गणित करून वजा करायचा. रजिस्टर जसं होतं तसं. ही कल्पना २०१४ मध्ये बुर्मान आणि मंडळींनी कॅटॅलिटिक कंप्युटेशन या नावाने आणली होती. तेव्हा बऱ्याच जणांना ती नुसती गंमत वाटली असणार.

अवांतर: जेम्स कुक हे स्टीफन कुक यांचे चिरंजीव. झाडाचा हा प्रश्न थोरल्या कुकनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला तो असा की हे इतक्या कमी जागेत जमणार नाही असं सिद्ध व्हावं. लेकाने तो जवळजवळ उलटा लावून दाखवला.

वाटसरू_७७

वाचनखूण साठवली आहे. गुणाकाराची बेरीज करायची आहे हे कोणी आधी सांगितलं असतं तर तो व्हिडिओ अर्ध्यावर सोडला नसता.

निशाचर

खडूवाले सर, सगळं मान्य. पण शीर्षकात मशीन लर्निंगही आहे आणि तिथले टॉक अगदी वेगळ्या जातीचे. लेमा (मुख्य सिद्धतेआधीचं छोटं प्रमेय) नाही, सरळ मार्ग नाही, अडणं तर नाहीच. एक आर्किटेक्चरचा ठोकळ्यांचा नकाशा, एक टेबल, त्यात आपला आकडा ठळक अक्षरात, 'थँक यू, क्वेश्चन्स?'

यावर जाहीर भांडण होऊन गेलंय. डिसेंबर २०१७, लाँग बीच, मशीन लर्निंगची मोठी परिषद, तेव्हाचं निप्स. अली रहिमी आणि बेन रेक्ट यांच्या २००७ च्या पेपरला 'टेस्ट ऑफ टाइम' पारितोषिक मिळालं आणि रहिमींनी स्वीकाराच्या भाषणातच बॉम्ब टाकला: मशीन लर्निंगची किमया झाली आहे. किमया म्हणजे तांब्याचं सोनं करणारी ती. चाललं तर चाललं, का चाललं विचारू नका. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. डीप लर्निंगच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक, यान लकून, यांना ते झोंबलं, त्यांनी फेसबुकवर लांबलचक उत्तर लिहिलं. मुद्दा असा की भिंगं आणि दुर्बीण आधी आली, प्रकाशाचं शास्त्र नंतर. वाफेचं इंजिन आधी, थर्मोडायनॅमिक्स नंतर. सिद्धता नाही म्हणून चालणारी वस्तू टाकून देणार का?

मी लकूनच्या पार्टीतला. दुपारचा_चहा यांना त्यांच्या ऑफिसातल्यांनी दिलेला सल्ला अगदीच चूक नाही.

भागाकार

निशाचर, दुर्बीण आधी आली हे ठीक. पण दुर्बिणीसोबत कोणी खोटी सिद्धता जोडून दिली नव्हती. :)

ॲडमबद्दल बोलतोय, म्हणजे नेटवर्क शिकवताना त्यातले आकडे पावलापावलाने सुधारणारी पद्धत. तो तुम्ही रोज वापरता, बहुधा डिफॉल्ट सेटिंगवर. किंग्मा आणि बा यांचा मूळ पेपर २०१४ च्या अखेरीस आला, त्यात तो उत्तराकडे जातो याची सिद्धताही होती. सगळ्यांनी ॲडम उचलला, सिद्धता कोणी फारशी उघडून पाहिली नाही. २०१८ च्या आयसीएलआर या मशीन लर्निंगच्या परिषदेत सशांक रेड्डी, सत्येन काळे आणि संजीव कुमार यांनी दाखवलं की ती चुकली आहे. त्या वर्षीच्या उत्कृष्ट पेपरांत तो होता. आणि प्रतिउदाहरण इतकं साधं की बारावीच्या मुलाला कळेल:

एक्स हा आकडा −१ ते +१ च्या मध्ये कुठेतरी. तीन पावलांचं चक्र. पहिल्या पावलाला तोटा 'सी गुणिले एक्स' (सी दोनापेक्षा मोठा), पुढच्या दोन पावलांना 'उणे एक्स'. तिन्ही मिळून (सी − २) × एक्स. म्हणजे एक्स जितका डावीकडे तितका तोटा कमी, उत्तर −१. साधा ग्रेडियंट डिसेंट (ग्रेडियंट म्हणजे उतार; उताराने खाली जात राहायचं) गुपचूप तिकडे जातो.

ॲडम मात्र प्रत्येक ग्रेडियंटला अलीकडच्या ग्रेडियंटांच्या आकाराने भागतो. सी आला की भाजकही त्याच क्षणी फुगतो, त्यामुळे डावीकडचं पाऊल लहान पडतं. मग दोनदा उणे एक येतो, तोवर भाजक ओसरलेला, उजवीकडची पावलं त्या मानाने मोठी. तिघांची बेरीज उजवीकडे. मुक्काम +१. सगळ्या पट्ट्यात सगळ्यात वाईट जागा!

'ॲडमचं सेटिंग मुद्दाम निवडलं असेल' म्हणाल तर, या उदाहरणात हो. पण पेपरात पुढे असंही आहे की बीटा-१ हा बीटा-२ च्या वर्गमुळाहून लहान असला (जुने ग्रेडियंट आणि त्यांचे आकार किती लक्षात ठेवायचे हे ठरवणारी ही दोन सेटिंग) की असा एखादा प्रश्न रचता येतोच. डिफॉल्टचे ०.९ आणि ०.९९९ त्यात बसतात.

दुपारचा_चहा

बाप रे. मग ॲडम बंद करायचा?

निशाचर

कोणी बंद केला? त्याच पेपरात एएमएसग्रॅड नावाची दुरुस्ती दिली आहे. आमच्याकडे एका इंटर्नने उत्साहाने लावून पाहिली, फरक शून्य. आजही सगळे ॲडम नाहीतर त्याचाच भाऊ ॲडमडब्ल्यू. घोडं आलं, वरात केव्हाच पुढे गेली.

भागाकार

बंद करा म्हणतंय कोण. पण ज्याला हे तीन पावलांचं चक्र माहीत आहे त्याच्या डेटात क्वचित येणारे पण मोठे ग्रेडियंट असतील आणि मॉडेल त्यांच्याकडे दुर्लक्ष करत असेल, तर त्याला शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. बाकीचे लर्निंग रेट (पावलाचा आकार) खालीवर करत बसतात. आठवडाभर. जीपीयूचं भाडं भरून.

खडूवाला

निशाचर, मशीन लर्निंगच्या टॉकमध्ये 'अडणं' नसतं हे मात्र पटलं नाही. चांगल्या टॉकमध्ये ते प्रयोगाच्या रूपात येतं.

चियुआन झांग, बेंजिओ, हार्ट, रेक्ट आणि विन्याल्स यांचं आयसीएलआर २०१७ चं काम बघा. सीफार-१० (दहा प्रकारच्या छोट्या फोटोंचा संच) मधले ट्रेनिंगचे ५०,००० फोटो घेतले आणि लेबलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली. बेडकाला ट्रक, विमानाला मांजर. नेटवर्क तेच, ट्रेनिंगची पद्धत तीच. ट्रेनिंग एरर (शिकवलेल्याच फोटोंवरची चूक) शून्यावर गेला! म्हणजे नेटवर्कने सगळा कचरा पाठ केला. जुनी थिअरी (व्हॅप्निक आणि चेर्व्होनेन्किस, १९७१ पासूनची) म्हणते की जे मॉडेल काहीही पाठ करू शकतं त्याच्याबद्दल नव्या फोटोंवरची हमी देता येत नाही. पण खरी लेबलं दिली की हेच नेटवर्क नव्या फोटोंवर उत्तम चालतं. मग हमी येते कुठून? हा झाला सरळ मार्ग अडण्याचा बिंदू, आणि तो एका स्लाइडवर मावतो. त्यानंतर मिखाइल बेल्किन वगैरेंनी २०१९ मध्ये डबल डिसेंट मांडलं (मॉडेल मोठं करत गेलं की नव्या डेटावरची चूक आधी घटते, मग वाढते, मग पुन्हा घटते), आणखी बरंच झालं, पण पूर्ण उत्तर अजून हाती नाही.

म्हणून मी सांगेन, मशीन लर्निंगच्या टॉकमध्ये टेबल आलं की एकच प्रश्न मनात धरा: हे कुठे चालत नाही? वक्त्याने आपण होऊन सांगितलं तर पुढे ऐका.

कृष्णाकाठ

एवढा धागा झाला आणि इचलकरंजीचं नाव नाही, म्हणून खास लॉगिन केलं.

सुभाष खोत. इचलकरंजीचे, मग आयआयटी मुंबई, मग प्रिन्स्टनला संजीव अरोरांकडे पीएचडी, सध्या न्यूयॉर्क विद्यापीठात. २०१४ ला सोलच्या गणित काँग्रेसमध्ये नेव्हानलिना पारितोषिक. आपल्या पेपरांत चार ओळी आल्या होत्या, 'गणितातला मानाचा पुरस्कार' म्हणून. काम काय ते कोणी लिहिलं नाही, तेव्हा इथे लिहितो.

युनिक गेम्स कंजेक्चर (अजून सिद्ध न झालेला अंदाज), २००२. ग्राफ घ्या (टोकं आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा), प्रत्येक टोकाला एक रंग द्यायचा. प्रत्येक रेषेवर एक नियम: या टोकाचा रंग कळला की त्या टोकाचा रंग ठरलाच, पर्याय एकच. सगळे नियम एकाच वेळी पाळता येत असतील तर काम सोपं: एका टोकाचा रंग धरा आणि रेषेरेषेने पुढे जा, फसलात तर दुसरा धरा. पण नियमांपैकी ९९ टक्केच पाळता येत असतील तर? रेषेरेषेने जाताना एखादी खोटी रेषा लागते आणि पुढचं सगळं बिघडतं. खोतांचं म्हणणं असं की रंग पुरेसे असले की, ९९ टक्के पाळता येतात की जेमतेम १ टक्का, एवढं ओळखणंही एनपी-हार्ड आहे, म्हणजे झटपट जमेल अशी आशा सहसा कोणी धरत नाही इतकं अवघड.

खडूवाल्यांनी म्हटलं तसं अडण्याचा बिंदू बघा: ती एक खोटी रेषा. बाकीचं डोक्यावरून गेलं तरी चालेल.

हे कंजेक्चर खरं धरलं तर किती तरी प्रश्नांच्या बाबतीत आजचं अल्गोरिदम हेच उत्तम ठरतं. मॅक्स-कटचं ०.८७८ त्यातलंच (टोकांचे दोन गट असे पाडायचे की जास्तीत जास्त रेषा दोन गटांच्या मधे याव्यात; सर्वोत्तम उत्तराच्या किमान ०.८७८ पट हमखास मिळतं). २०१८ मध्ये खोत, डोर मिन्झर आणि मुली साफ्रा यांनी टू-टू-टू गेम्सचं (एकाऐवजी दोन पर्याय देणाऱ्या नियमांचं) प्रमेय पुरं केलं. त्यातून ९९ टक्क्यांऐवजी ५० टक्के घेतले तर गोष्ट सिद्ध होते. अर्ध्या वाटेवर आलोय म्हणा. वाट संपेल की नाही यावर तज्ज्ञांतही दोन तट आहेत.

मोगरा_परदेशी

कृष्णाकाठ, छान लिहिलंत.

मी युरोपात पीएचडी करते, लर्निंग थिअरीत. ऐकणाऱ्यांचं झालं, आता बोलणाऱ्यांची बाजू. थिअरीवाल्यांना मधेच तोडायची दांडगी सवय. एका वर्कशॉपला माझ्या व्याख्येच्या स्लाइडवरच एका ज्येष्ठ गृहस्थांनी हात वर केला आणि 'हे गृहीतक का? ते का नाही?' यात माझा अर्धा वेळ खाल्ला. निकालाची स्लाइड शेवटच्या दोन मिनिटांत. नंतर चहाच्या वेळी तेच येऊन म्हणाले, 'छान काम आहे, निकाल जरा नीट सांगायला हवा होता.' यावर काय बोलणार!

मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदांत हे होत नाही, कारण तिथे बहुतेकांच्या वाट्याला टॉक येतच नाही, पोस्टर येतं. पोस्टरजवळ उभं राहून तीच तीन वाक्यं दिवसभर म्हणायची. घसा बसतो, पण समोरचा माणूस कळला नाही तर तोंडावर सांगतो. मला तेच जास्त आवडतं.

खडूवाला

ताई, ते गृहस्थ सगळीकडे असतात, आपल्याकडेही. उदाहरण मागणारा प्रश्न लगेच घ्यावा आणि गृहीतकावर वाद घालणाऱ्याला 'चहाला बोलू' म्हणावं. सत्राध्यक्षाने हे करायला हवं, पण ते बहुधा घड्याळाकडे बघत असतात.

टीसीएस+ नावाची ऑनलाइन मालिका आहे, २०१३ पासून. तिथे हे बरं जमवलंय. विद्यापीठांचे गट आपापल्या खोलीत एकत्र बसून जोडले जातात, सुरुवातीला यजमान एकेका गटाचं नाव घेऊन नमस्कार करतो, आणि प्रश्न मधे विचारता येतात पण त्यांना शिस्त असते. रेकॉर्डिंगही मिळतं.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर डिसेंबरात एफएसटीटीसीएस ही थिअरीची परिषद असते, १९८१ पासून दरवर्षी, दर वेळी देशात वेगळ्या ठिकाणी. मुंबईकरांना टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) सेमिनार आहेत, कुलाब्याला नेव्ही नगरात. ओळखपत्र न्या आणि आधी ईमेल टाकून ठेवा. तिथे फळ्यावर झालेला टॉक मिळाला तर चुकवू नका. खडूने लिहिताना माणसाला पॉलिलॉग लपवता येत नाही.

निशाचर

फळ्याचं कौतुक पुरे हो सर, शेवटच्या रांगेतून काही दिसत नाही.

बरं, सायमन्सचाच एक टॉक, ऑगस्ट २०२३. इल्या सुत्स्केव्हर. लेबलं नसलेल्या डेटावरून शिकणं का जमतं? तर चांगलं कॉम्प्रेशन म्हणजे चांगलं शिकणं, आणि मुळाशी कोल्मोगोरोव्ह कॉम्प्लेक्सिटी (तो डेटा छापणाऱ्या सर्वांत लहान प्रोग्रॅमची लांबी). थिअरीवाल्यांच्या घरात जाऊन ओपनएआयचा माणूस एकही नवं प्रमेय न मांडता बोलला आणि सगळे कान देऊन ऐकत होते. याचं काय म्हणता?

मोगरा_परदेशी

म्हणजे तुम्हीही तो पूर्ण बघितलात तर! मला तो आवडला, कारण त्यात प्रश्न नीट मांडला आहे: लेबल असलेल्या शिक्षणात, डेटा पुरेसा असला तर, हमी का मिळते ते ठाऊक आहे, नसलेल्यात एक उद्दिष्ट साधताना दुसरंच का साधतं? पण कोल्मोगोरोव्ह कॉम्प्लेक्सिटी मोजताच येत नाही, आणि न्यूरल नेटवर्क तिच्या जवळ जातं असं धरून चालायचं, ही उडी मोठी आहे. तिथे श्रोत्यांतून प्रश्न आले ते बरं झालं.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे आभार. गुणाकार कागदावर केला, खरंच टीच येतो. आता कृष्णाकाठ यांना विचारतो: मॅक्स-कटचं ते ०.८७८ कुठून आलं? इतका विचित्र आकडा कोण ठरवतं? आणि सुरुवात कुठल्या व्हिडिओपासून करू?

खडूवाला

व्हिडिओचं मी सांगतो. सायमन्समध्ये प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला 'बूट कॅम्प' असतो, आठवडाभर. ती शिकवणी असते, वर्कशॉपच्या टॉकसारखी निकालांची घाई नसते. आवडीच्या विषयाचा बूट कॅम्प शोधा. आणि दीडच्या स्पीडवर लावू नका.

कृष्णाकाठ

०.८७८ कोणी ठरवत नाही, भूमितीतून पडतं. गोमान्स आणि विल्यमसन, १९९४-९५. ग्राफच्या प्रत्येक टोकाला गोलावरचा एक बाण द्यायचा, जोडलेली टोकं शक्य तितकी विरुद्ध दिशांना. मग गोल मध्यातून, दिशा चिठ्ठी टाकून ठरवून, सपाट कापायचा, एका बाजूचे बाण एका गटात, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या. दोन बाणांतला कोन थीटा असेल तर ते वेगळ्या गटांत पडण्याची शक्यता थीटा भागिले पाय. आणि त्या रेषेमागे आपण हिशेबात धरलेला फायदा (१ − कॉस थीटा) भागिले २. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

एक्सेलमध्ये कोन ९० पासून १८० अंशांपर्यंत एकेकाने वाढवत न्या. दोन्ही टोकांना भागाकार १ येतो, मधे खाली जातो. साधारण १३३-१३४ अंशांना तळ लागतो: ०.७४२ भागिले ०.८४५. तेच ०.८७८. खोत, किंडलर, मोसेल आणि ओडॉनेल यांनी २००४ मध्ये दाखवलं (तेव्हा आणखी एका कंजेक्चरच्या आधारे, जे नंतर सिद्ध झालं) की युनिक गेम्स खरं असेल तर या तळाच्या वर कुठल्याही झटपट अल्गोरिदमला जाता येणार नाही.

दुपारचा_चहा

केलं. १३४ ला ०.८७८६ दिसतंय. कॉसला रेडियन द्यावे लागतात हे एक्सेलने आधी सांगायला हवं होतं.